कंसातलं आधी सुटतं, पण कधी आणि कितीदा?

शाळेत गणिताच्या तासाला 'कंचेभागुबेव' पाठ केलेलं असतं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी या क्रमाने पदावली सोडवायची आणि तिची किंमत काढायची. प्रोग्रॅमिंग शिकताना फंक्शनच्या नावापुढे कंस दिसला की तोच नियम आठवतो: आधी कंसातलं सोडव, मग बाहेरचं. ही समजूत चुकीची नाही. पायथन, जावास्क्रिप्ट, रुबी या रोजच्या वापरातल्या भाषा साधारण तशाच वागतात. गंमत अशी की नियम तोंडपाठ असूनही कोड वाचताना आपण तो विसरतो.

हे बघा. (उदाहरणांतली नावं मी देवनागरीत लिहितोय. व्हेरिएबल आणि फंक्शनला अशी नावं पायथन ३ आणि जावास्क्रिप्टमध्ये खरोखरच देता येतात. भाषेचे स्वतःचे शब्द मात्र इथे फक्त उच्चाराप्रमाणे लिहिलेत.)

रंग = कोश.गेट("रंग", फाईल_वाच())

'कोश' ही एक डिक्शनरी, म्हणजे नाव (चावी) आणि त्याची किंमत अशा जोड्यांचा साठा; 'गेट' त्यातून नावाची किंमत काढून देतं. ही ओळ वाचताना आपल्या मनात एक सरळ मराठी वाक्य तयार होतं: कोशात रंग असेल तर तो दे, नसेल तर फाईल वाचून दे. पायथन असं वाचत नाही. तो आधी 'कोश.गेट' म्हणजे कोणतं फंक्शन ते शोधतो. मग पहिल्या आर्ग्युमेंटची, म्हणजे फंक्शनला कंसात दिलेल्या पहिल्या गोष्टीची, किंमत काढतो. ती तयारच आहे, "रंग" ही स्ट्रिंग. मग दुसऱ्या आर्ग्युमेंटची किंमत काढतो, आणि ती काढायची तर फाईल वाचावीच लागते. एवढं झाल्यावर तो 'गेट'ला हाक मारतो. कोशात रंग होता हे 'गेट'ला कळतं, पण तोवर फाईल वाचून झालेली असते. फाईल मोठी असेल तर वेळ फुकट गेला. फाईल जागेवरच नसेल तर आणखी वाईट: उत्तर कोशात असूनही प्रोग्रॅम एरर देऊन थांबतो.

म्हणजे फंक्शनला प्रश्न पोचतच नाही, थेट उत्तर पोचतं. 'फाईल_वाच()' असं कुणीतरी लिहिलं होतं याचा 'गेट'ला पत्ताही नसतो. त्याच्या हातात पडतो फक्त फाईलमधला मजकूर. पुढच्या बहुतेक भानगडी या एका गोष्टीतून निघतात.

याच कारणाने 'जर-तर' हे साधं फंक्शन म्हणून लिहिता येत नाही. समजा कुणी हौसेने लिहिलं:

जर_तर(क्ष == ०, ०, १०० / क्ष)

क्ष शून्य असेल तर शून्य, नाहीतर भागाकार. दिसायला निर्दोष. पण क्ष खरंच शून्य असेल तर 'जर_तर' सुरू व्हायच्या आधीच शून्याने भागल्याची एरर येते, कारण तिन्ही किमती आधी काढल्या जातात. म्हणून अशा भाषांना 'इफ' स्वतःच्या व्याकरणात ठेवावं लागतं. 'अँड' आणि 'ऑर' यांचंही तेच. ती फंक्शन असल्यासारखी वाटतात, पण डाव्या बाजूवरून निकाल लागला तर उजवीकडे बघतही नाहीत. त्यामुळे वरची ओळ कोश.गेट("रंग") ऑर फाईल_वाच() अशी लिहिली तर फाईल गरज असेल तेव्हाच वाचली जाते. फक्त कोशात रिकामी स्ट्रिंग किंवा शून्य असेल तर 'ऑर' तेही 'नाही' समजतो आणि फाईल वाचायला जातो. जावास्क्रिप्टने २०२० मध्ये दोन प्रश्नचिन्हांचं ?? हे चिन्ह आणलं ते यासाठीच. ते फक्त नल आणि अनडिफाइन्ड या 'किंमतच नाही' सांगणाऱ्या दोन खुणांनाच 'नाही' मानतं.

दुसरा उपाय म्हणजे उत्तर न देता प्रश्नच देणं. 'फाईल_वाच()' याऐवजी कंसाशिवाय नुसतं 'फाईल_वाच' दिलं, तर हातात जातं ते फंक्शन. घेणाऱ्याला गरज वाटली तर तो त्याला कंस जोडेल आणि कामाला लावेल. अर्थात घेणारं फंक्शन तसं लिहिलेलं हवं. पायथनच्या 'गेट'ला तुम्ही फंक्शन दिलंत तर ते बिनदिक्कत तेच फंक्शन तुम्हाला परत देईल. रुबीने इथे छान सोय केली आहे: तिथल्या 'फेच'ला दुसरं आर्ग्युमेंट देता येतं किंवा महिरपी कंसात एक ब्लॉक, म्हणजे कोडचा तुकडा, देता येतो. आर्ग्युमेंट लगेच सुटतं. ब्लॉक मात्र चावी सापडली नाही तरच चालतो.

लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने काय केलं याच्या नोंदी, लिहितानाही हीच फसगत होते आणि तिथे ती वर्षानुवर्षं लपून राहते.

लॉग.डीबग("अहवाल: %एस", मोठा_अहवाल())

डीबग पातळी (चुका शोधताना लागणाऱ्या बारीक नोंदी) बंद आहे, लॉगमध्ये एक अक्षर उमटत नाही, तरी मोठा अहवाल दर वेळी तयार होतो आणि फेकला जातो. पायथनमध्ये अशा पद्धतीने लिहिलं की 'आळशी' लॉगिंग होतं, असं बरेच जण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. स्ट्रिंगमध्ये अहवाल चिकटवण्याचं काम पुढे ढकललं जातं. अहवाल बनवण्याचं काम कंसात आहे, ते आधीच होतं.

डावीकडून उजवीकडे, बहुतेक वेळा

आता क्रम. आर्ग्युमेंट्स अनेक असतील तर आधी कोणतं सुटतं? पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्ही सांगतात: डावीकडून उजवीकडे. इथे कंचेभागुबेव थोडं दिशाभूल करतं. क() + ख() * ग() या ओळीत गुणाकार बेरजेच्या आधी होतो हे खरं, पण म्हणून 'ख' आणि 'ग' आधी चालतात असं नाही. आधी क, मग ख, मग ग, असेच तिघे चालतात. गुणाकार आणि बेरीज त्यानंतर. कोण कोणाशी जोडलं जाईल ते कंचेभागुबेव सांगतं, कोण आधी धावेल ते सांगत नाही.

नुसत्या आकडेमोडीत या क्रमाने काही बिघडत नाही. बिघडतं ते आर्ग्युमेंट काहीतरी बदलून जातं तेव्हा. नोंद(पुढची_ओळ(), पुढची_ओळ()) यात पहिल्या ओळीवर नाव आणि दुसरीवर वय असेल, तर सगळी भिस्त क्रमावर आहे. पायथनमध्ये हे चालून जातं. सी या भाषेत आर्ग्युमेंट्सचा क्रम ठरवूनच दिलेला नाही, स्कीम या भाषेतही नाही. सीमध्ये एकाच कॉलमध्ये (फंक्शनला मारलेल्या एकाच हाकेत) 'च++', म्हणजे 'च एकाने वाढव', दोनदा लिहिलं तर निकालाची जबाबदारी भाषा घेतच नाही. कंपायलर बदलला की उत्तर बदलू शकतं. म्हणून डावीकडून उजवीकडे हा नियम पक्का असलेल्या भाषेतही मी अशा दोन ओळी वेगळ्या लिहितो. वाचणाऱ्याला नियम आठवावा लागू नये, एवढंच.

या क्रमाचं एक नमुनेदार उदाहरण पायथनमध्ये स्वतः चालवून बघा. यादी = [१, २, ३] असताना

प्रिंट(यादी, यादी.पॉप())

'पॉप' यादीतली शेवटची वस्तू काढून हातात देतं. काय छापलं जाईल? डावीकडून उजवीकडे, म्हणजे आधी पूर्ण यादी आणि मग काढलेला ३, असं वाटतं. छापलं जातं [१, २] ३. क्रम मोडलेला नाही. पहिल्या आर्ग्युमेंटची किंमत आधीच काढली होती, पण ती किंमत म्हणजे यादीची प्रत नव्हे, तीच यादी. दुसऱ्या आर्ग्युमेंटने तिच्यातून ३ काढून घेतला, आणि छापायची वेळ आली तेव्हा ती दोनच आकड्यांची उरली होती. या प्रकारच्या देवाणघेवाणीला बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९७० च्या दशकात क्लू या भाषेच्या निमित्ताने 'कॉल बाय शेअरिंग' म्हटलं. पायथन, जावास्क्रिप्ट आणि रुबी हेच करतात. पर्ल ही भाषा त्याही पुढे जाते. तिथे फंक्शनच्या आत @_ या यादीतल्या जागा म्हणजे बोलावणाऱ्याच्या व्हेरिएबल्सची दुसरी नावं असतात, तिथे लिहिलं की बाहेरचं बदलतं.

क्रमाला पायथनमध्ये एक अपवाद आहे. फ(ख=ग(), *घ()) असं लिहिलं तर 'घ' आधी चालतं आणि 'ग' नंतर, कारण तारांकित आर्ग्युमेंट (*घ(), ज्यातली यादी सुट्या आर्ग्युमेंट्समध्ये पसरते) हे नाव लावून दिलेल्या आर्ग्युमेंटनंतर (ख=ग()) लिहिलं तरी त्याचा निकाल आधी लागतो. असं कुणी लिहीत नाही, आणि लिहूही नये.

आणखी एक गोष्ट, जी एरर वाचताना उपयोगी पडते. 'सठव(नोंदणी_कर())' या ओळीत 'साठव' लिहिताना काना राहिला आहे. 'सठव' नावाचं काहीच अस्तित्वात नसेल तर पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्ही लगेच थांबतात, नोंदणी होत नाही. पण 'सठव' या नावाचं काहीतरी आहे, फक्त ते फंक्शन नाही, असं झालं तर? तेव्हा आधी आर्ग्युमेंट सुटतं, नोंदणी होते, आणि मग 'हे फंक्शन नाही' अशी एरर येते. एरर आली म्हणजे त्या ओळीत काहीच घडलं नाही, असं धरून चालू नका.

एकदाच काढलेली किंमत

आर्ग्युमेंट दिलंच नाही तर डिफॉल्ट व्हॅल्यू वापरली जाते. तिची किंमत कधी काढायची? इथे भाषांची वाट फुटते.

पायथनमध्ये जोड(नवीन, यादी=[]) असं फंक्शन लिहा, जे 'नवीन' यादीत टाकून ती परत देतं. जोड(१) ला उत्तर [१]. मग जोड(२) ला उत्तर [२] नव्हे, [१, २]. ती रिकामी यादी फंक्शन तयार होताना एकदाच बनली आणि फंक्शनला कायमची चिकटली. प्रत्येक कॉलला तीच मिळते, आधीच्या कॉलने त्यात जे टाकलं त्यासकट. 'वेळ=आत्ता()' असं डिफॉल्ट ठेवलं तर सर्व्हर सुरू झाला तो क्षण महिनाभर 'आत्ता' म्हणून मिरवत राहतो. ठरलेला उपाय म्हणजे डिफॉल्टला नन (पायथनमधलं 'काही नाही') ठेवायचं आणि आत तपासून नवी यादी बनवायची.

जावास्क्रिप्ट आणि रुबीत डिफॉल्टची किंमत दर कॉलला नव्याने निघते, आणि तीही आर्ग्युमेंट आलं नसेल तरच. शिवाय पुढच्या पॅरामीटरच्या (आर्ग्युमेंट स्वीकारणाऱ्या नावाच्या) डिफॉल्टमध्ये मागचा पॅरामीटर वापरता येतो: पेटी(रुंदी, उंची=रुंदी). जावास्क्रिप्टमध्ये मुद्दाम अनडिफाइन्ड दिलं तरी डिफॉल्ट लागू होतं, नल दिलं तर होत नाही. पीएचपी या भाषेने बराच काळ हा प्रश्नच टाळला: डिफॉल्टमध्ये फक्त स्थिर किंमत चालायची. नवं ऑब्जेक्ट बनवायची मुभा २०२१ च्या ८.१ आवृत्तीत मिळाली.

पायथनच्या वागण्यामागे तर्क आहे. तिथे फंक्शनची व्याख्या हेही एक चालणारं विधान आहे, ते चालताना त्यातलं सगळं सुटतं, मग डिफॉल्ट अपवाद का असावं? तर्क मान्य. तरीही नवशिक्यांनी यात घालवलेले तास मोजले तर सौदा महागात पडला असं मला वाटतं. पण ह्याच खोडीचा एक चांगला उपयोगही आहे. लूपमध्ये तीन बटणांसाठी तीन छोटी फंक्शन्स बनवली आणि प्रत्येकात लूपचं 'नाव' वापरलं, तर तिन्ही बटणं शेवटचंच नाव दाखवतात, कारण नावाची किंमत बटण दाबल्यावर काढली जाते आणि तोवर लूप संपलेला असतो. तेव्हा जाणकार लोक फंक्शनच्या कंसात 'नाव=नाव' असं डिफॉल्ट टाकतात. ते फंक्शन बनतानाच सुटतं, म्हणून प्रत्येक बटणाचं नाव तिथल्या तिथे गोठतं. वाचणाऱ्याला मात्र ही ओळ टायपिंगची चूक वाटते.

प्रश्नच हातात देणाऱ्या भाषा

सगळ्या भाषा आधी उत्तर काढतात असं नाही. अल्गॉल ६० या जुन्या भाषेत 'कॉल बाय नेम' होतं. फंक्शनच्या आत पॅरामीटर जिथे जिथे येईल तिथे तिथे मूळ आर्ग्युमेंटची किंमत नव्याने काढायची. त्यातून मजेदार करामती जमायच्या. योर्न येन्सेन यांची युक्ती प्रसिद्ध आहे: बेरीज करणाऱ्या फंक्शनला 'अ[च]' हे आर्ग्युमेंट आणि 'च' हे व्हेरिएबल दिलं की आत 'च' वाढत जातो आणि 'अ[च]'ची किंमत दर फेरीत बदलते. एकच फंक्शन हवी ती मालिका मोजू शकतं. पण दोन किमतींची अदलाबदल करणारं साधं फंक्शन अशा भाषेत लिहून बघा. 'च' आणि 'अ[च]' यांची अदलाबदल करताना 'च' बदलला की 'अ[च]' म्हणजे यादीतली जागाच वेगळी होते. हे न सुटलेलं आर्ग्युमेंट कंपायलर एका लहान फंक्शनमध्ये गुंडाळून द्यायचा. त्या गाठोड्याला 'थंक' म्हणतात, आणि पी. झेड. इंगरमन यांनी त्यावर १९६१ मध्ये लिहिलं. आपण मघाशी कंस न लावता 'फाईल_वाच' दिलं तो हाताने बांधलेला थंकच.

पुन्हा पुन्हा किंमत काढण्यापेक्षा पहिल्यांदा लागेल तेव्हा काढायची आणि जपून ठेवायची, ही त्यानंतरची सुधारणा. हॅस्केल ही भाषा तसं वागते. स्क्रिप्टिंग भाषांत आर हे याचं ठळक उदाहरण. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी बनवलेली ही संख्याशास्त्राची भाषा. तिथे

फ(१, स्टॉप("गडबड"))

हे लिहिलं आणि 'फ'ने दुसऱ्या आर्ग्युमेंटला हातच लावला नाही, तर काहीही गडबड होत नाही. आर्ग्युमेंट 'प्रॉमिस' म्हणून आत जातं: सोडवायचा मजकूर आणि तो कुठल्या व्हेरिएबल्सच्या सोबतीने सोडवायचा याची नोंद, असं बोचकं. मघाशी न जमलेलं 'जर_तर' आरमध्ये सहज लिहिता येतं.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे आरमध्ये फंक्शनला प्रश्नाचा मजकूर वाचता येतो. प्लॉट(उंची, वजन) लिहिलं की आलेखाच्या अक्षांवर 'उंची' आणि 'वजन' आपोआप छापलेलं येतं. पायथनच्या फंक्शनला हे साधेपणाने शक्य नाही, त्याच्याकडे फक्त आकडे पोचतात. आरमध्ये 'सब्स्टिट्यूट' वापरून फंक्शन विचारतं, तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं?

किंमतही मोजावी लागते. आर्ग्युमेंटमधली चूक जिथे लिहिली तिथे फुटत नाही, फंक्शनच्या पोटात भलत्याच ओळीवर फुटते. आर्ग्युमेंट्सचा क्रम कॉल बघून कळत नाही, आतला कोड वाचावा लागतो. आणि एका फंक्शनमधून दुसरं फंक्शन बनवून परत दिलं, तर तीन बटणांचा तोच घोळ इथे आर्ग्युमेंट्समुळेही होतो. त्यासाठी 'फोर्स' आहे: नुसतं फोर्स(न) लिहायचं, की किंमत तिथेच निघते. 'एलअप्लाय'सारखी फंक्शन्स २०१५ च्या ३.२.० आवृत्तीपासून हे स्वतःच करतात.

एकाचे दोन, दोनाचे हजार

आतापर्यंत आपण धरून चाललो की एक आर्ग्युमेंट लिहिलं की एकच किंमत पोचते. ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेल्या लुआत फंक्शन अनेक उत्तरं परत देऊ शकतं, आणि कॉल हे शेवटचं आर्ग्युमेंट असेल तर ती सगळी पसरून आत जातात. "१,२३४" मधला स्वल्पविराम काढून त्याचा आकडा करायचा म्हणून कुणी लिहितं:

टूनंबर(मजकूर:जीसब(",", ""))

'जीसब' दोन गोष्टी देतं: बदललेली स्ट्रिंग आणि किती बदल केले ते. 'टूनंबर'चं दुसरं आर्ग्युमेंट म्हणजे संख्येचा पाया, जसा दशमान पद्धतीत १०. म्हणजे आपण नकळत पाया १ मागितला, आणि एरर येते की पाया मर्यादेबाहेर आहे. उपाय बघून हसू येतं: जीसबच्या कॉलला बाहेरून आणखी एक कंस घालायचा. कंसात घातलेल्या कॉलचं एकच उत्तर उरतं.

पण या बाबतीत युनिक्स शेलचा, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, हात कुणी धरू शकत नाही. शेलमध्ये आर्ग्युमेंट म्हणजे मजकूर, आणि तो प्रोग्रॅमपर्यंत पोचायच्या आधी त्यावर बरेच संस्कार होतात. बॅश या शेलमध्ये व्हेरिएबलच्या जागी त्याची किंमत येते, मग मोकळ्या जागांवर तुकडे पडतात, मग तारांकित नमुन्यांच्या जागी फाईलींची नावं येतात. हा क्रम लक्षात असला की निम्मे घोळ कळतात. 'आरएम' ही फाईल पुसायची आज्ञा. 'आरएम $फाईल' लिहिलं आणि फाईलचं नाव "जुना अहवाल" असेल, तर आरएमला दोन नावं मिळतात, 'जुना' आणि 'अहवाल', आणि त्या नावांच्या फाईली असतील तर त्या जातात. दुहेरी अवतरणात "$फाईल" लिहिलं की तुकडे पडत नाहीत. मिळालेली सगळी आर्ग्युमेंट्स पुढे पाठवतानाही "$@" (सगळी आर्ग्युमेंट्स) असं अवतरणातच लिहायचं, ते याच कारणाने.

तारांकनाचं काम शेल करतो, प्रोग्रॅम नव्हे. प्रोग्रॅमला तारा दिसतही नाही, नावांची यादी दिसते. लाखो फाईलींच्या फोल्डरमध्ये ही यादी इतकी लांबते की 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' येऊन प्रोग्रॅम सुरूच होत नाही. 'फाइंड' ही फाईल शोधायची आज्ञा 'फाइंड . -नेम *.टीएक्सटी' अशी, नमुन्याला अवतरण न लावता, लिहिली तर चालू फोल्डरमध्ये जुळणारी एकही फाईल नसताना बरोबर चालतं, एक असेल तर फक्त तेवढ्याच नावाची शोधतं, आणि दोन असतील तर एरर देतं. चाचणी करणाऱ्याच्या फोल्डरमध्ये सहसा एकही नसते.

आणि '-आरएफ' अशा नावाची एक फाईल कुणी बनवून ठेवली असेल, तर 'आरएम *' लिहिल्यावर ते नावही यादीत जातं. आरएम ते फाईलचं नाव समजत नाही, पर्याय समजतं, आणि मग आतले फोल्डरही न विचारता पुसतं. ती '-आरएफ' फाईल तेवढी जागेवर राहते. 'आरएम ./*' असं लिहिलं की प्रत्येक नाव ./ ने सुरू होतं, आणि '-आरएफ' ही निमूट एक फाईल उरते.